पूर्ण मिनिट

अण्णा,

आज सकाळी एका चार वर्षांच्या मुलीच्या घशातली नळी काढायची होती आणि मला भीती वाटत होती. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आता मी लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाची इनचार्ज आहे, हाताखाली चौदा सिस्टर आहेत, आणि तरी अशा सकाळी माझ्या तळहातांना घाम सुटतो. घरी हे कुणाला सांगता येत नाही. मुलगा म्हणतो, आई, तुझं तर हे रोजचंच काम आहे. रोजचं आहे म्हणूनच तर भीती वाटते, हे त्याला कसं समजावू? तुम्हाला समजावावं लागलं नसतं. तुम्ही बावीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत एकाच बाकावर बसून ब्रेकच्या पिना तपासत होतात.

ही मुलगी न्यूमोनियाने आली. नऊ दिवस मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. मुलाला मशीनवर चढवणं एक वेळ सोपं, उतरवणं कठीण. रोज थोडा थोडा मशीनचा आधार कमी करायचा, झोपेचं औषध कमी करायचं, आणि मग एके दिवशी आधार जवळजवळ काढून घेऊन दोन तास नुसतं बघत बसायचं की मूल स्वतःच्या ताकदीवर श्वास घेतं का. त्या दोन तासांत सिस्टर पुन्हा पुन्हा श्वास मोजते. फार भरभर होत असतील तर मूल दमलंय, नळी राहते. ठीक असतील तर डॉक्टर नळी काढतात. घाई केली तर मूल गुदमरतं आणि सुजलेल्या घशातून नळी परत घालावी लागते, कधी कधी ती जातच नाही. उशीर केला तर त्याच नळीवाटे नवं दुखणं छातीत उतरतं. मशीनच्या पडद्यावर श्वासांचा आकडा असतो, पण पाइपात पाणी साचलं की तो उड्या मारतो, म्हणून आमच्याकडे हाताने मोजलेलाच आकडा कागदावर धरतात. म्हणजे सगळं येऊन थांबतं ते एका सिस्टरच्या हातावर आणि घड्याळावर.

घड्याळ तुम्ही दिलेलंच आहे. नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा भोसरीतल्या दुकानातून आणलेलं, पांढरी तबकडी, सेकंदाचा लाल काटा. अतिदक्षता विभागात मनगटावर घड्याळ चालत नाही, म्हणून पट्टा काढून मी ते खिशाला पिनेने लावते. पहिल्या परीक्षेच्या आधी मी तुमच्यावरच सराव करायचे. आपलं ते दोन खोल्यांचं घर, आई भाकरी थापतेय, तुम्ही पहिली शिफ्ट करून आल्यावर भिंतीला टेकून बसलाय, आणि मी तुमचं मनगट धरून पंधरा सेकंद नाडी मोजते, चारने गुणते आणि मोठ्या रुबाबात सांगते, "बहात्तर." तुम्ही हात सोडवून घेत नाही. विचारता, "आन् बाकीची पंचेचाळीस सेकंदं कुनी मोजली? शेजारच्या काकूनं?" आई हसते. तुम्ही हसत नाही. "पुन्यांदा मोज. पूर्ण मिनिट मोज. न मोजता आकडा सांगायचा न्हाई, कुनालाच." मला तेव्हा राग आला होता. एवढंसं तर होतं, मैत्रिणीही तसंच करायच्या.

त्याच वर्षी खंडेनवमीला तुम्ही मला कंपनीत नेलंत. आपल्या घरी पूजा नसायची, पण त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडायचे आणि तुम्हाला तुमचा बाक मला दाखवायचा होता. मशिनींना झेंडूच्या माळा, फरशी पुसलेली. तुमच्या बाकाशेजारी लाल पेटी होती, नापास पिनांची. तुम्ही तिच्यातली एक पीन काढून गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घातलीत. ती अलगद गेली. मी म्हटलं, अण्णा, ही तर चांगली आहे, मग लाल पेटीत कशी? तुम्ही आजूबाजूला बघितलंत आणि आवाज खाली केलात. "मीच टाकली. मागच्या महिन्यात माझ्या हातनं एक खराब पीस पुढं गेला, तक्रार आली. तवापासून जरा शंका आली की लाल पेटी. कुनी काय बोलत न्हाई. उलटं साहेब म्हनतो, लई कडक माणूस हाय." मग ती पीन तुम्ही चांगल्या मालात परत ठेवलीत. "पीस चांगला होता, बाई. मलाच भ्या वाटत होतं," असं म्हणालात आणि मला चहा प्यायला घेऊन गेलात.

आता जे सांगते ते कुणालाच सांगितलेलं नाही. नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. माझ्या देखरेखीखालच्या एका दोन वर्षांच्या मुलाची नळी काढली. श्वास ठीक आहेत असं मीच सांगितलं होतं, आणि ते खरंच ठीक होते. अर्ध्या तासात त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला, ओठ निळे पडले. नळी तिसऱ्या प्रयत्नात परत गेली. ते मूल वाचलं, घरी गेलं. ती शिट्टी मात्र माझ्या कानात राहिली. स्वयंपाक करताना कुकर बोलला तरी मी दचकायचे. तीन आठवड्यांनी एक आठ महिन्यांचं बाळ त्याच टप्प्यावर आलं. मी त्याच्या पोटावर हात ठेवून मोजलं, तुम्ही सांगितलं होतं तसं पूर्ण मिनिट. चव्वेचाळीस भरले. एवढ्या बाळाला ते अगदी व्यवस्थित होते. कागदावर मी चौसष्ट लिहिले.

डॉक्टर म्हणाले, बरं, आज नको. कुणी काही बोललं नाही. मी घरी येऊन शांत झोपलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी बाळाला ताप आला, तिसऱ्या दिवशी छाती परत भरली, आणि ते आणखी अकरा दिवस मशीनवर राहिलं. नळी राहिल्यामुळेच हे झालं असं खात्रीने कुणी सांगू शकणार नाही, आणि तसं नाही झालं असंही सांगू शकणार नाही. घरी जाताना त्याच्या आईने माझ्या हातात पेढ्यांचा पुडा ठेवला. म्हणाली, सिस्टर, तुम्ही घाई करू दिली नाही म्हणून माझं बाळ वाचलं. पुडा मी घरी आणला. तुम्ही एक पेढा खाल्लात आणि आईला म्हणालात, "गुन हाय आपल्या लेकीच्या हाताला." मी मोरीत जाऊन तोंड धूत बसले. तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही रागावला असतात, पण तुम्हाला कळलंही असतं.

आज सकाळी त्या मुलीचे श्वास आमची नवी सिस्टर मोजत होती. मागच्याच आठवड्यात तिने सांभाळलेल्या एका मुलाला नळी परत घालावी लागली होती. मुलीची आई खाटेच्या पायथ्याशी उभी, परभणीकडची, नवरा चाकणला कंत्राटी कामावर. ती मला सारखी म्हणत होती, "मॅडम, ऱ्हाऊ द्या ना आजच्या दिस. मशीन हाय तवर लेकरू हाय माझं." सिस्टरने मान वर केली आणि सांगितलं, "अठ्ठेचाळीस." मी तिथेच उभी होते. मुलीची छाती दिसत होती मला. इतक्या वर्षांनंतर न मोजताही अंदाज येतो, ते अठ्ठेचाळीस नव्हते. आणि अण्णा, अठ्ठेचाळीस ऐकून मला बरं वाटलं. आज काही करायला नको. आई खूश, सिस्टर खूश, मीही दोन वाजता निवांत घरी. खोटा आकडा माझा नव्हताच, मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी पिनेतून घड्याळ काढलं आणि तिच्या हातात दिलं. "पुन्हा मोज. पूर्ण मिनिट. मोठ्याने." ती मोजायला लागली. विसाच्या पुढे तिचा आवाज कापायला लागला, पण ती थांबली नाही. "तीस. एकतीस. बत्तीस." काटा वर आला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, मागच्या वेळेसारखं झालं तर?" झालं तर आपण दोघी इथेच आहोत, मी म्हटलं, तू बत्तीस लिही. माझ्या चौसष्टाबद्दल तिला सांगावं असं जिभेवर आलं होतं, पण सांगितलं नाही. तेवढ्यात डॉक्टर आले. "किती?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. दोन तास पुरे झाल्यावर, अकराच्या सुमाराला, त्यांनी नळी काढली. मुलगी खोकली, तोंड उघडलं, आवाज नाही. मी वाकून फक्त शिट्टी येते का ते ऐकत होते. ते किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मग घोगऱ्या, म्हाताऱ्यासारख्या आवाजात ती म्हणाली, "आई, पाणी." आई एकदम रडायलाच लागली. पाणी तिला इतक्यात द्यायचं नसतं, तर त्यावरून मुलगी आमच्यावर चिडली.

आता चार वाजलेत. मोशीच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे लिहितेय, फोन समोर ठेवलाय. पहिला दिवस धोक्याचा असतो, नळी परत घालायची वेळ अजूनही येऊ शकते. सिस्टरची ड्युटी रात्रीपर्यंत आहे, तिला मी माझं घड्याळ देऊन आलेय, ती तासातासाला कळवते. एक वाजता चौतीस. दोनला मी निघाले तेव्हा छत्तीस. तीनला अडतीस, आणि मी परत जायला चपला घातल्या. आत्ता निरोप आलाय, "तेहेतीस, पूर्ण मिनिट, झोपलीय." रात्रीपर्यंत मी या फोनपाशीच असणार.

हे पत्र घड्याळाच्या रिकाम्या डबीत ठेवून देईन, तुमच्यापर्यंत काही ते यायचं नाही. पण लिहायला बसले ते खरं तर चौसष्टासाठी नाही. तुमचा शेवटचा दिवस. तुम्हाला धाप लागली होती, आपण रिक्षात, मोशीच्या चौकात गाड्या अडकलेल्या, पुढे ट्रक, मागे ट्रक. माझा हात तुमच्या छातीवर आणि घड्याळ समोर. तुम्ही विचारलंत, "किती?" मी म्हटलं, "चोवीस." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "पूर्ण मिनिट मोजलंस?" मी हो म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि डोळे मिटून घेतलेत. वीस सेकंदांतच चौदा श्वास झाले होते. बाकीची चाळीस सेकंदं मी मोजलीच नाहीत, अण्णा.