पहिलं ताट आईचं

अप्पा,

मी जालन्याला चालले! जिल्ह्याच्या खो-खोत आपल्या शाळेची कॅप्टन मीच, बरं का! पण आधी आईचं ऐका.

काल डॉक्टरांनी तिला विचारलं, "गोळी घेतल्यावर जेवता कधी?" आई म्हणाली, "समदे जेवले की मंग." तिथंच मला तिच्या न थांबणाऱ्या उलट्यांचा चोर सापडला! मळमळीची गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची, अन् आई चूल पेटवतानाच घेऊन टाकते. तुमची जेवणं होईस्तोवर गोळीचा जोर उतरतो. मंग उलटी झाली की ही वरून दुसरी घेते! डॉक्टर लई रागावले. गोळीवर गोळी घेतली तर मान, जबडा आखडतो म्हणे. तसं काही दिसलं तर देवऋषी बिलकुल नको, सरळ दवाखाना.

दुपारची एकच गोळी वाटीखाली ठेवलीय, पाकीट मी माझ्या पिशवीत संगं नेतेय, म्हणजे ती वरून दुसरी घेणार नाही. वावरातून आलात की तिला गोळी द्या, हातपाय धुवा, अर्धा तास टेका, अन् मंग पहिलं ताट तिला वाढा. थोडंच वाढा. ती लाजेल, "तुमच्याआधी कशी जेवू?" म्हणेल. तुम्ही हलू नका.

संध्याकाळी मी ढाल घेऊन येते. तुम्ही मला आईचं रिकामं ताट दाखवा.

तुमची,
बेबीनंदा