कोंबडे किती जुने

दि. ११ मार्च

दादास,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे. तुझं फारच बरं चाललंय, ते पत्रावरून कळलं. मूल होत नाही म्हणून वहिनीला माहेरी धाडतोयस. 'सदतिशीत बाईचं काय उरतं' म्हणतोस. तेविशीतली मुलगी बघून ठेवलीयस, आणि वर मला लिहितोस, पुढच्या रविवारी बोलणी आहेत, घरचं माणूस पाहिजे, ये.

इकडे उबवणी केंद्रात काम तेच. अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं दिव्यावर धरायचं, जीव धरलाय का बघायचं. मध्यंतरी ट्रेच्या ट्रे बिनजिवाची अंडी निघाली. मुकादमानं पहिलं काय विचारलं, माहितेय? "कोंबडे किती जुने?" जुनेच होते. बदलले. कोंबडी एकही माहेरी गेली नाही.

आता मुद्द्याचं. नोव्हेंबरात तू डोळे दाखवायला म्हणून इथे आलास. दवाखान्याच्या कागदावर नाव माझं, पत्ता माझा, वयही माझं घातलंस, सव्वीस. तुझी अब्रू झाकायला माझी चादर. रिपोर्ट माझ्या खोलीवर आला तर म्हणालास, "चुकून आला असेल, फाडून टाक."

मी चौथी नापास, पण स्वतःचं नाव वाचता येतं. घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. "सव्विशीत बीज इतकं कमी?" म्हणून त्यांनी पुन्हा तपासलं. माझं सगळं ठीक. मग विचारलं, "हा पहिला नमुना कुणाचा?" सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचा, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाईला वय पस्तिशीनंतर भरभर नडतं. पुरुषाला हळूहळू, पण नडतंच. दोघांनी मिळून या म्हणावं, उशीर नको."

तुला फोनवर सगळं सांगितलं. तू फोन आपटलास आणि वहिनीला एकटीलाच दवाखान्याच्या वाऱ्या करायला लावल्यास. मीही चार महिने तोंड शिवून बसलो. म्हटलं, नवराबायकोत आपण कशाला पडा.

खरं कारण ते नाही.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. वहिनी नुकतीच घरात आलेली. तूच म्हणालास, आधी धाकटा मार्गाला लागू दे, मग आपलं मूल. ती हो म्हणाली. माझ्या उवा काढल्या, शाळेत फरफटत नेलं, मी पळून आलो की पुन्हा नेलं. अशी बारा वर्षं. तुम्हा दोघांचं वय माझ्यापायी गेलं, दादा. तू तुझं लपवलंस आणि तिचं चव्हाट्यावर मांडलंस. मी हे बोललो असतो तर तिच्यासमोर मान वर करता आली नसती, म्हणून गप्प होतो.

परवा तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांना वाढतेय, नंतर करते." तासाभरानं फोन आला. "रिपोर्ट पाठव. मुलीच्या वडिलांना मीच नेऊन दाखवते. त्यांची पोर तरी वाचू दे."

काल पाठवला, सोबत माझा खरा रिपोर्ट आणि पहिला नमुना तुझा होता हे माझ्या हातानं लिहून. हे पत्र मुद्दाम चार दिवस थांबून टाकणार आहे. तुझ्या हाती पडेल तोवर ती जाऊन आलेली असेल. तिच्या अंगाला हात लावलास तर मी येईन, आणि नमस्कार करायला येणार नाही.

तुम्हा दोघांच्या वयावर वाढलेला,
धाकटा