नऊ डबे पाणी

इकितोस, ६ मार्च १९९४

चि. रोमुलो यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं आणि वाचायच्या आधीच राग आला. वर नुसतं ‘ती. ताईस’ लिहिलंयस. ‘सौ.’ कुठे गेलं? सेगुन्दो बेपत्ता आहे, मेलेला नाही. मासे धरायला नानाय नदीवर गेला, होडी उलटी सापडली, माणूस सापडला नाही. वरच्या अंगाला एखाद्या वस्तीत तापाने पडला असेल, नाहीतर लाकूडवाल्यांच्या तराफ्यावर चढून कुठेतरी गेला असेल. नवऱ्याला मी ओळखते. निरोप धाडायचा आळस त्याला पहिल्यापासूनच.

आता कामाचं. तू लिमात माशांच्या दुकानात राबतोस, त्याचा बहिणीला काहीतरी उपयोग होऊ दे. आमच्या माशांच्या टाकीचा फिल्टर शीळ घालतो. फिल्टर होता छोट्या टाकीचा. सेगुन्दोने तोच मोठ्या टाकीला लावला आणि नवा आणतो आणतो म्हणत राहिला. तीन सूर, शेवटचा जरा फाटका. रेइनाला खायला घालताना तो घालायचा अगदी तशी शीळ. रेइना म्हणजे आपली ती म्हातारी एंजल मासळी, जिला तू महाराणी म्हणून चिडवायचास. शीळ आली की ती पुढच्या काचेपाशी येऊन उभी राहते.

सासूबाई म्हणतात, हा फिल्टर नव्हे, तुंची आहे. मेलेलं माणूस तुंची होऊन घराभोवती शीळ घालत फिरतं. त्याला आपण उलट शीळ घातली की आपल्यालाही सोबत घेऊन जातं. मेलेल्यासाठी बसवतात तशी नऊ रात्री जपमाळ बसवू म्हणून त्या माझा जीव खातायत. मी म्हटलं, आधी मशीन बदलते. शीळ थांबली तर ती मशीनची होती आणि तुमचा मुलगा जिवंत आहे. नाही थांबली तर मग बघू. तेव्हा बाबा रे, बरोब्बर मापाचा पाठव. प्लग काढून बघ, असं मात्र लिहू नकोस. हात धजत नाही. टाकीत नऊ डबे पाणी मावतं, सेगुन्दोच सांगायचा.

नीट जेवत जा. माया कमी करू नकोस.

तुझी,
ताई


लिमा, १९ मार्च १९९४

ती. सौ. ताईस (‘सौ.’ बघ, चांगलं ठळक काढलंय), रोमुलोचा शि. सा. न. वि. वि.

अगं, फिल्टरच शीळ घालतोय, आणखी कोण घालणार! लहान फिल्टरवर मोठ्या टाकीचा भार पडला की स्पंज तुंबतो, मग आतला पंखा पाण्याबरोबर हवा ओढतो आणि वाजतो. आमच्या दुकानात रोज कुणीतरी असलं वाजणारं खोकं घेऊन येतं. रेइनाचं म्हणशील तर मासा जेवणाच्या आशेने कुठेही येऊन उभा राहतो. मी काही वेगळा होतो का?

हिशेब साधा आहे. टाकीतलं सगळं पाणी तासाभरात चार-पाच वेळा तरी फिल्टरमधून फिरायला हवं. नऊ डबे म्हणजे एकशेऐंशी लिटर. त्या मापाचा पाठवतोय. आपल्या गल्लीतला विमानतळावरचा हमाल आणून देईल. खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नकोस, कंपन्या कोऱ्या स्पंजावर मोजून फुशारक्या मारतात. स्पंज भरला की तो आकडा निम्मा होतो.

सासूबाईंना नमस्कार सांग, आणि माझ्या नावाने त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांचाही तो मुलगा आहे. ताई, तू हे मशीनवर का ढकललंस ते मला कळतंय. कळतंय म्हणून भीतीही वाटते.

तुझाच,
रोमुलो


इकितोस, २ एप्रिल १९९४

चि. रोमुलो यास आशीर्वाद. वि. वि.

शीळ बंद! अरे, बंद म्हणजे बंद! तुझा फिल्टर लावला आणि घरात धबधबा आला. समोरासमोर बसून बोलायचं तर ओरडावं लागतं. सासूबाईंना मी तसंच ओरडून सांगितलं, की बघा, मशीनच होतं. त्या माळ घेऊन पायरीवर जाऊन बसल्या. बसू देत. मी त्या दिवशी पानात गुंडाळून मासा भाजला, सेगुन्दोला आवडतो तसा, भरपूर कोथिंबीर घालून. त्याचं ताट वाढून ठेवलं. संध्याकाळी झाकून आत ठेवलं.

एकच गोष्ट आहे, रेइनाला पाणी फार ढकलतं. बिचारी मागच्या कोपऱ्यात काचेला चिकटून असते. शेपटाची झालर फाटलीय आणि घास तोंडापर्यंत पोचायच्या आधीच वाहून जातो. होईल सवय. परत पाठव म्हणशील तर पाठवणार नाही, आधीच सांगते. किती दिवसांनी मला दुपारी झोप लागली.

खुशाली कळव. आमचा विसर नसावा.

तुझी,
ताई


लिमा, १४ एप्रिल १९९४

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. नऊ डबे! मासे धरणारे डबा अर्धाच भरतात, वर माशांना हवा राहावी म्हणून. सेगुन्दोचा डबा म्हणजे अर्धा डबा. हे लहानपणी आपण दोघं शिकलो, होडीत बसून, आणि लिमाच्या नळाचं पाणी पिऊन मी साफ विसरलो. तुझी टाकी नव्वद लिटरची आहे. मी तिला दुपटीचा फिल्टर लावलाय. एंजल म्हणजे बुडालेल्या रानातल्या संथ पाण्याचा मासा, तो त्या धबधब्यात मरेल. सवय होत नसते, ताई.

आणि चिडू नकोस, पण शीळ बंद झाली हे तुला कशावरून कळलं? एवढ्या गोंगाटात सेगुन्दो स्वतः दारात उभा राहून हाक मारेल तरी तुला ऐकू येणार नाही. तू शीळ थांबवली नाहीस, कान झाकून घेतलेस. सेगुन्दोने तळहातावर वाढवलेली मासळी त्यापायी घालवू नकोस. तो आला तर काय सांगशील?

नव्वदच्या मापाचा सोबत आहे. याला आवाजच नाही, हात लावून बघावं लागतं चालू आहे का ते. जुना स्पंज फेकू नकोस आणि नळाखाली धुऊ नकोस. टाकीच्याच पाण्यात हलकेच खळबळून नव्यात बसव. पाणी निर्मळ ठेवणारे जीव त्या जुन्या घाणीतच असतात.

लावायचा की नाही ते तू ठरव. लावलास आणि काही ऐकू आलं, तर मला कळव. मी येईन. उलट शीळ घालू नकोस, ताई. लिमात राहून माझा असल्यावर विश्वास नाही, तरी घालू नकोस.

तुझाच,
रोमुलो


इकितोस, १ मे १९९४

चि. रोमुलो यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फिल्टर पोचला, पण चार दिवस खोकं उघडलंच नाही. मग रेइना एका अंगावर कलंडलेली दिसली आणि माझीच मला लाज वाटली. धबधबा बंद केला. तू सांगितलंस तसा स्पंज खळबळून घेतला, नवा लावला. घर इतकं गप्प झालं की सासूबाईंच्या माळेचे मणी ऐकू यायला लागले. दुसऱ्या दिवशी रेइना सरळ झाली, तिसऱ्या दिवशी तिने माझ्या बोटांतून खाल्लं. शीळ नाही. मी तर गुणगुणायला लागले होते. सासूबाईंना म्हटलंसुद्धा, की सेगुन्दो आला की त्याला आधी डब्यांचा हिशेब शिकवते.

गेल्या रविवारी दुपारी रेइनाला खायला घालत होते. घास बोटांत, बोटं पाण्यात. नदीकडच्या लाकडी पायऱ्यांवरून शीळ आली. तीन सूर, शेवटचा फाटका. मी फिल्टरला कान लावला, तो आपला मुकाट चालत होता. रेइनाने माझ्या बोटांतला घास सोडला आणि ती पायऱ्यांकडे तोंड करून उभी राहिली. परत शीळ आली, अगदी जवळून. सासूबाई माझ्या ओठांकडे बघत होत्या, भेदरून. मी शीळ नाही घातली रे. किती आतून आली होती, तरी गिळली. पायऱ्यांपाशी गेले. पाणी चढलेलं होतं, वरच्या पायरीला लागलेलं, आणि कुणी नव्हतं. मग मी रडले. होडी सापडल्यापासून पहिल्यांदा, हंबरडा फोडून. रडायला मनाई नाही म्हणतात सासूबाई. त्याही माझ्याशेजारी ओल्या पायरीवर बसून रडल्या. त्यानंतर काही ऐकू आलेलं नाही.

शुक्रवारपासून जपमाळ बसवतोय. तू ये. दुखवट्याचं काळं कापड आणलंय, दोघींचं मीच शिवतेय. रेइनाची झालर भरून येतेय. फिल्टर अगदी मापाचा निघाला, तुझा दोष नाही.

यायच्या आधी पत्र टाकशील तर वर ‘सौ.’ लिहू नकोस.

तुझी,
ताई