मामाचं कोरडं बोट

मंगळवार, टेमघर

निघालो होतो राहनाळला, गोदामात काम विचारायला. वाटेत मामाच्या यंत्रमाग कारखान्यात शिरलो. आजारपणानंतर आज त्याची पहिली शिफ्ट. गळ्याला रेडिएशन दिल्यापासून तोंडात लाळच नाही. लूमवर धागा तुटला. मामाने सवयीने बोट जिभेला लावलं, तुटल्या टोकांना पीळ दिला, धागा सुटला. पुन्हा तेच. जीभच कोरडी, बोट काय भिजणार?

"पाण्याची वाटी ठेव ना."

"शिकाऊ हाय का मी?"

मी म्हटलं, डॉक्टरीणबाई सांगत होत्या ना, उंदरांना रेडिएशन देऊन बघतात, लाळेच्या ग्रंथी कशा सुकतात, परत कशा ओल्या होतील.

"उंदराची लाळ मोजतात कशी रं? चमच्यानं?"

मला काय ठाऊक! पण तेव्हापासून डोक्यात तो उंदीरच. त्यालाही भाकर गिळताना पाणी लागत असेल?

"त्या उंदराला सांग, घाई कर. माझं कापड अडलंय." मामा हसला, पण बोट परत जिभेकडे. मी ते धरलं आणि माझ्या हातातल्या चहाच्या पेल्यात बुडवलं. धागा जुळला!

"आता गोड कापड निघंल," म्हणाला.

गोदाम राहिलंच. उंदरांना जमेपर्यंत चहा मीच नेणार.