नुसतं पित्त आहे म्हणे

८ फेब्रुवारी, रविवार

ताई,

नमस्कार. मी बरा आहे. तू बरी नाहीस हे मला माहीत आहे, त्यामुळे खुशाली विचारायचं काम वाचलं.

फोनवर बोलायची सोय नाही म्हणून लिहितोय. तुझा फोन वाजला की भाऊजी तो स्पीकरवर टाकतात, मग अर्धं घर गोळा होतं. परवा तू म्हणालीस, "अरे काही नाही, नुसतं पित्त आहे. थंड दूध प्यायले की बसेल." आणि मागून भाऊजी, "काय मेव्हणे! बघा तुमची ताई, चालून चालून निम्मी झाली!" मी इकडे दात खात बसलो. काय सांगू त्यांना? तुमची बायको बागेत दोन फेऱ्या मारते, मग बाकावर बसते, आणि वजन उतरवतं ते फ्रिजमधल्या चष्म्याच्या डबीतलं इंजेक्शन? भाज्यांच्या कप्प्यात चष्म्याची डबी बघूनही ज्याला शंका येत नाही, त्या माणसाला खरंच हात जोडावेत.

तिथे तुझं पित्त, इथे माझं पित्त खवळलंय. आपल्या घरात पोटात काहीही झालं की पित्त. उपाशी राहिलं पित्त, जास्त खाल्लं पित्त, कुणाशी भांडण झालं तरी पित्त. तू डॉक्टरकडे गेलीस, तिथेही "पित्त होतंय" म्हणालीस, त्यानं पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्या बिचाऱ्याचा काय दोष? "आणखी काही औषध चालू आहे का?" विचारलं तर तू नाही म्हणालीस. आणि ते मला बागेतून चोरून फोन करून हसत हसत सांगतेस, मी काही बोलायच्या आत ठेवून देतेस!

आता नीट वाच. शिलाईचं मशीन बंद कर, गिऱ्हाइकाला थांबायला सांग.

आमच्या खोलीतल्या एकाला असंच झालं. त्यानंही हेच इंजेक्शन घेतलं होतं, डॉक्टरला न विचारता. वजन भराभर उतरलं. मग जेवल्यावर तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीतून खांद्यापर्यंत जायची. उभं राहवेना, बसवेना. तोही पित्त पित्त करत महिना काढत बसला. शेवटी डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला, आणि कामावरूनच उचलून दवाखान्यात नेला. पित्ताची पिशवी खड्यांनी भरलेली. डॉक्टर म्हणाले, वजन फार झपाट्यानं उतरलं की असे खडे होऊ शकतात, आणि या इंजेक्शनवाल्यांमध्ये पिशवीचा त्रास त्यांनी आधीही पाहिलाय. सगळ्यांना होत नाही. पण ज्याला कळा येतात त्यानं गप्प बसायचं नाही.

त्या शहाण्यानंही दवाखान्यात औषध नाही म्हणूनच सांगितलं. त्याला वाटलं औषध म्हणजे गोळ्या, इंजेक्शन कुठे औषध आहे? ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या बाईंनी पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा तोंडातून निघालं. बाई अशा तडकल्या! "हे आत्ता सांगतोस? यानं पोट रिकामं व्हायला वेळ लागतो. भूल दिल्यावर उलटी झाली असती, छातीत गेली असती, तर काय केलं असतं?" ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. म्हणजे एक दिवस आणखी कळा.

तू आता विचारशील, तुला इतकं सगळं कसं माहीत? खोलीत आम्ही दोघंच राहतो, ताई. दुसरा टकल्या, तो हे पत्र देऊन तुझ्यासमोर धडधाकट उभा आहे.

हो. मीच तो.

नोव्हेंबरात "कामाच्या जागी रेंज नाही" म्हणून आठ दिवस फोन केला नव्हता ना, ते हे. दुर्बिणीनं ऑपरेशन केलं, पोटावर चार भोकं आहेत, बरी झालीत. मी उंच इमारतींच्या काचा पुसायच्या, दोरावर लटकणाऱ्या पाळण्यावर परत चढतोय. मुकादमानं मला काट्यावर उभं केलं होतं तेव्हा एकशे सहा किलो भरलो होतो, कमरेला बांधायचा पट्टा शंभरच किलो पेलणारा. "उतर, जिने पूस," म्हणाला. मला एका जागी बसवत नाही म्हणून शाळा सुटली, तो मी जिने पुसत बसणार? आम्हाला कामावर नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर वजन उतरवायची इंजेक्शनं विकतो, त्याच्याकडून घेतली. पुढचं तुला ठाऊक आहे. माझा फोटो बघून तू म्हणालीस, "मलाही पाठव."

आणि थंड दूध! महिनाभर मी तुझंच ऐकून साय असलेलं दूध पेलाभर भरून पीत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी सांगितलं?" म्हटलं, "ताईनं." "ताई डॉक्टर आहे?" म्हटलं, "शिंपीण आहे." ते म्हणाले, साय-तूप पोटात गेलं की ती पिशवी आवळते, खडे असले की कळ वाढते. आता तू तेच पितेस.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ते अजून लिहिलंच नाही. तीन कागद फाडले.

पहिली इंजेक्शनं तुला पाठवली तेव्हा मला काही माहीत नव्हतं. दुसरी पाठवली ती डिसेंबरात. तेव्हा माझी पिशवी काढून झाली होती. डॉक्टरांचं सगळं ऐकून झालं होतं. तू फोनवर हळू आवाजात म्हणालीस, "आज गिऱ्हाइकानं विचारलं, तुमची धाकटी बहीण का हो? मलाच!" किती वर्षांनी तू अशी हसलीस. मला बोलायचं होतं, तोंड उघडलंच नाही. माझं आजारपण कळलं तर तुम्ही सगळे मला परत बोलवाल, हीही भीती होती. म्हणून पाठवून दिली. तुला काही होणार नाही असं मनाशी म्हटलं. तुला त्रास झाला तर तो मी पाठवलेला आहे. यात पित्ताचा काही संबंध नाही.

तेव्हा आता मी सांगतो तसं कर. राहिलेली इंजेक्शनं घेऊ नकोस. उद्या दवाखान्यात जा. "पित्त" हा शब्द तोंडातून काढू नकोस. कुठे दुखतं तिथे बोट ठेव, इंजेक्शनची डबी टेबलावर ठेव आणि पोटाची सोनोग्राफी करा म्हण. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर उद्याचीही वाट बघू नकोस, टकल्याला घेऊन आत्ताच नीघ.

लोक हसतील, भाऊजी चिडतील, असं म्हणशील. चिडू देत. तू बागेतल्या बाकावर बसायचीस हे कळल्यावर ते दोन दिवस बोलणार नाहीत. तिसऱ्या दिवशी स्पीकरवरून मला शिव्या घालतील. मी ऐकेन.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. "बघू, हे काम संपलं की जाते," म्हणशील. म्हणून टकल्याच्या खिशात दुसरं पाकीट दिलंय, भाऊजींच्या नावाचं. त्यात सगळं लिहिलंय, माझं आणि तुझं. गुरुवारी दुपारपर्यंत तू त्याला सोनोग्राफीचा कागद दाखवला नाहीस तर तो ते भाऊजींच्या हातात देणार. त्याला शपथ घातलीय, तू रडलीस तरी तो ऐकणार नाही. हो, तो दिसतो तेवढा मऊ नाही.

लहानपणी तू माझ्या किती गोष्टी पोटात घातल्यास. मला तेवढं मोठं पोट नाही, ताई.

गुरुवारपर्यंत तुझा लाडका,
नंतर तुझा चहाडखोर,
भाऊ