गणपतीच्या ओट्याखाली

आर. के. पुरम, नवी दिल्ली
४ नोव्हेंबर

ज्यांनी तीस-तीस वर्षं विमानं बांधली आणि ज्यांना आज त्याच गेटवर ‘किससे मिलना है?’ असं विचारलं जातं, अशा माझ्या कामगार बंधूंनो! (म्हणजे विष्णू, तुलाच. बाकीचे बंधू भिंतीवरच्या फोटोत गेले.) तुला आणि सुमित्रावहिनींना नमस्कार. गुडघा कसा आहे? माझा दमा बरा आहे. तो भाषणाच्या आड येत नाही, ही घरच्यांची तक्रार.

तर, आपल्या फरिदाबादच्या कारखान्याचं बिझनेस पार्क होतंय. चौदा कंपन्या भाड्याने येणार आहेत. जिथे एक रिव्हेट वाकडा गेला तर अख्खा पंख पुन्हा उघडायला लावायचे, त्या हँगरमध्ये आता छोले-कुलचे मिळतील. गेल्या महिन्यात तिथल्या प्रोजेक्ट मॅनेजरने, रुचिताने, ‘कारखान्याच्या आठवणी’ सांगायला मला बोलावलं. मुलगी पुण्याची, आपल्या नातीच्या वयाची आणि मनाने चांगली. तिला उत्सवाचे जुने फोटो सापडले होते. काका, गणपती कुठे बसायचा, एवढंच तिने विचारलं. मी पंचेचाळीस मिनिटं उत्तर दिलं. सुट्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढवायचे त्या प्लेटिंग शॉपमागच्या सिमेंटच्या ओट्यावर उभा राहून म्हणालो, ही भूमी श्रमाने पावन झाली आहे, इथे नफ्याचं नव्हे, उद्याच्या पिढीचं पाऊल पडलं पाहिजे! टाळ्या झाल्या. तुळशीची कुंडी मिळाली. (घरी आणेपर्यंत मेट्रोत कुणीतरी तिच्यावर बॅग ठेवली.)

पंधरा दिवसांनी तिने नकाशा पाठवला. उद्याच्या पिढीचं पाऊल तिने शब्दशः घेतलं होतं. ओट्याच्या जागी पाळणाघर! वीस तारखेला सिमेंट फोडून पोरांना खेळायला माती मोकळी करणार.

विष्णू, त्या सिमेंटखाली काय आहे ते तुला माहीत आहे. क्रोमियमच्या विषारी गाळाची पिंपं. गाळ बाहेर पाठवा म्हणून आपण अकरा दिवस गेटवर बसलो होतो आणि शेवटी जिंकलो, असं मीच गुलाल उधळून जाहीर केलं होतं.

मी धावत (म्हणजे दोन बस बदलून) गेलो आणि रुचिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “काका, टेन्शन नका घेऊ. सर्व्हेवाल्यांनी जुनं रेकॉर्ड बघितलंय. गाळ ट्रकने बाहेर गेलाय, कागद आहे ना.” मी कागदांच्या राज्याविरुद्ध बोलायला लागलो. पिंपं गंजतात, सह्या गंजत नाहीत, असं म्हणालो तर आजूबाजूची पोरं थांबली, मोबाइल काढले, “वाह काका, क्या बात है!” म्हणाली. आता ते भाषण पार्कच्या जाहिरातीत आहे, मागे सतार. आयुष्यभर लोकांनी मला ऐकावं म्हणून ओरडलो. आता ऐकतात, आणि विश्वास कुणी ठेवत नाही. तेव्हा तूही तिकडून निषेधाचं एक कडक पत्र पाठव.

तुझा,
दीनानाथ

ता. क. पत्राने काही होणार नाही. पिंपं बाहेर गेल्याच्या गेटपासवर स्टोअरकीपर म्हणून तुझी सही आहे. तो ट्रक रिकामा गेला होता, हे तू माझ्याइतकंच जाणतोस. तू इथे येऊन हे लिहून दिलंस तरच खोदकाम थांबेल.

ता. क. २. तू म्हणशील, चाळीस वर्षांनी मलाच का पकडतोस. बरोबर आहे. गेटपासवर तुझ्या खाली दुसरी सही आहे, युनियनची. ती माझी. पिंपं जागच्या जागी पुरलीत हे साहेबांनी मला सांगितलं होतं, आणि बदल्यात तो ओटा गणपतीला कायमचा दिला होता. मी सही केली आणि बाहेर येऊन तुम्हाला विजयाचं भाषण दिलं. हा सौदा तुला कधी सांगितला नाही. प्लेटिंगवाले एकेक करून खोकत गेले तेव्हाही नाही, त्यांच्या शोकसभांतही मीच बोललो. माझा जबाब मी काल लेखी दिला आहे. रुचिताने तो वाचला आणि विचारलं, “काका, हेही भाषण आहे का?” एकट्या माझ्या शब्दावर ते काम थांबवणार नाहीत. विष्णू, सतरा तारखेच्या गाडीचं तिकीट आजच काढ.