वरच्या ओळींची माती

पोइयाक, १२ ऑक्टोबर १९५८

ती. लेओनीआत्यास,
लझारचा सा. न. वि. वि.

उन्हाळ्यापासून लिहीन लिहीन म्हणतोय. कागद आणला, त्यावर ठेवून सॉसेज खाल्लं. दुसरा आणायला निघालो तर वाटेत जत्रा लागली. तेव्हा आधी पोटभर रागावून घे, मग पुढे वाच.

सध्या मी बोर्दोकडच्या एका शातोत आहे. शातो म्हणजे दगडी हवेली, भोवती द्राक्षबागा आणि मालक पॅरिसला. तोडणी संपली, आता तळघरात पिंपं धुतो. इथल्या मुकादमाकडे एक तीन पायांचा कुत्रा आहे, पण त्याचं पुन्हा कधीतरी. सांगायचं ते असं, की इथे दर्जा जमिनीला नाही, हवेलीला. शंभर वर्षांमागे पॅरिसात मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा इथल्या दलालांनी कुणाची वाइन काय भावाने जाते ते बघून हवेल्यांच्या पाच पायऱ्या लावून दिल्या. त्या अजून तशाच. आमची हवेली पाचवी. मालकाने उद्या शेजारची बाग घेतली तर तीही त्याच पायरीवर चढून बसेल.

मी मुकादमाला म्हटलं, आमच्या बुर्गोन्यात असलं चालत नाही. उतारावर पाऊलवाट, तिच्या वरची जमीन ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यांत वरचा मान, आणि वाटेच्या खाली नुसतं गावाचं नाव. मालक कुणीही असो, रेघ हलत नाही. तो म्हणाला, मग तुमच्याकडे माणसाची काही गरजच दिसत नाही. याला उत्तर काय द्यायचं? तूच सुचव.

ओल्या लाकडाच्या वासाने आजोबा फार आठवतात. हिवाळ्यात तू, बाबा नि आजोबा पाठीवर वेताचे हारे बांधून खालची माती वर न्यायचात. उतरताना बाबा मला रिकाम्या हाऱ्यात बसवायचे. मग भिंतीच्या आडोशाला छाटलेल्या काड्यांची शेकोटी, तिच्यात भाजलेले बटाटे, आणि तुझं नि बाबांचं ते बेसूर गाणं. तसा बटाटा मला नंतर कुठेच मिळाला नाही, आणि मी पुष्कळ ठिकाणी खाऊन पाहिला.

आहे तो लोभ मुरत ठेवावा.
तुझा लझार

*

घरून, २० ऑक्टोबर १९५८

चि. लझार यास,
लेओनीआत्याचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. कागदावर तेलाचा डाग आहे, म्हणजे दुसरा कागद काही आणला नाहीस.

तुझ्या मुकादमाला सांग. वाटेखाली जमीन खोल नि ओलसर, तिथे वेल सुखावते आणि पानं वाढवत बसते. वर वीतभर मातीखाली चुनखडी. मुळांना दगडाच्या फटी धुंडाळत खाली जावं लागतं. सकाळचं ऊन आधी आपल्या ओळींवर येतं, पावसाचं पाणी ठरत नाही. घड लहान, दाणे लहान, पण त्यांत जे उतरतं ते खालच्याला जमत नाही. म्हणून आपल्या बाटलीवर गावाचं नावसुद्धा लावत नाहीत, नुसत्या बागेच्या नावावर ती जाते. पण जिथे पाणी ठरत नाही तिथे मातीही ठरत नाही, बाळा. ती परत वर न्यायला माणूस लागतो. कागदावरची रेघ काही हारा उचलत नाही.

आता खरं सांगते. यंदाच्या पावसाने निम्मी माती खाली गेली. मुळं उघडी पडलीत, म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरा दिसाव्यात तशी. बाहेरची माती आणायची सोय नाही, तो कायदा तुला ठाऊक आहे. आणि आपली माती आहे वाटेखाली, तुझ्या बाबांच्या बागेत. वाटणीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी हारा घेऊन गेले, तर हा फिलिबेर, तुझा बाप, म्हणाला की माझ्या शेतात आलं ते माझं. मी म्हटलं, ठेव, तरी तुझ्या बाटलीवर गावाचंच नाव राहील. तेव्हापासून माझा सख्खा भाऊ चर्चमध्येही दुसऱ्या दाराने जातो.

माझा गुडघा आता उतार मानत नाही. बोन शहरातले एक व्यापारी ओळी खंडाने मागतायत. सेंट मार्टिनच्या दिवशी, अकरा नोव्हेंबरला, नोटरी कागद घेऊन येईल. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. हट्ट करू नकोस.

गळ्याला मफलर बांधत जा. माया आहेच, ती पत्रातून मोजू नये.
तुझी आत्या

*

पोइयाक, २९ ऑक्टोबर १९५८

ती. आत्यास सा. न. वि. वि.

या वेळी उशीर नाही केला, बघ. सही करू नकोस. व्यापारी हारा घेऊन चढणार नाहीत, त्यांना बाटलीवरचं नाव हवंय. मी येतो, पण मुकादम पंधरा तारखेआधी सोडत नाही. म्हणतो की मध्येच पळणाऱ्याला तो दारात उभा करणार नाही, आणि मी सगळीकडून मध्येच पळालोय हे त्याला कुणीतरी सांगितलंय. बहुतेक मीच.

तुझा निरोप मात्र त्याला दिला. मग त्याने कुत्र्याला हाडूक टाकलं आणि म्हणाला की तुझी आत्या खमकी दिसते.

आणखी एक, रागावणार नसशील तर. बाबांना पत्र लिहिलं. भांडणाचं अवाक्षर नाही. एवढंच विचारलं, की आजोबांचा हारा त्यांच्या वाटणीत गेला, तो अजून खोपटात टांगलेला आहे का, की मोडला. मला पंधरा तारखेनंतर लागेल म्हटलं.

बटाटे ठेव. लोभाला ऊन लागू दे.
लझार

*

घरून, ९ नोव्हेंबर १९५८

चि. लझार यास अ. उ. आ.

रागावले होते. दोन दिवस तुझं पत्र भाकरीच्या डब्याखाली दाबून ठेवलं.

तू येतो म्हणतोस, आणि तू खरंच म्हणतोस हेही मला ठाऊक आहे. पण तुला वाटेत जत्रा लागतात. मुळं एक कडक हिवाळा सोसतील, दुसरा नाही, आणि एकट्याच्या पाठीने तेवढी माती चढत नाही. परवा नोटरी येईल. सकाळी आजोबांच्या थडग्यावरची शेवंती सारखी करून आले आणि त्यांना सांगून टाकलं. तूही समजून घे.

इथवर लिहिलं तोच दाराशी जड पावलं वाजली. मला वाटलं, तूच मुकादमाला गुंगारा देऊन आलास. दार उघडलं तर फिलिबेर. पाठीवर आजोबांचा हारा, काठोकाठ भरलेला, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. आत ये म्हटलं, तर आत येईना. मान खाली घालून म्हणाला, आधी कुठल्या ओळीपासून ओतायचं ते सांग, वजन आहे.

पत्र अर्धंच धाडते. मला वर जायला हवं, तो नेहमी चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. नोटरीला उद्या निरोप धाडेन. तू मात्र पंधराला नीघ आणि मध्ये कुठे उतरू नकोस.

आत्या